रविवारचा पाना : सुरू होणं आणि थांबणं



मागच्या महिन्यात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच निरोप आले. त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा होते. पहिला : बॅटरी नवी घातली तरी सकाळी गाडी नुसती 'कट कट' करते, काय करायचं? दुसरा : ब्रेकचे पॅड कंपनीचेच घ्यायला हवेत का, बाहेर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात की!

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला बऱ्यापैकी माहीत आहेत, कारण दोन्हीकडे मी स्वतः चुकलोय. तेही एकाच वर्षात, एकाच गाडीवर. जिथे काही खर्च करायची गरज नव्हती तिथे साडेपाच हजार घातले आणि जिथे हात आखडता घ्यायचा नव्हता तिथे बाराशे वाचवले. आज दोन्ही हकिगती सांगतो. दुसरी सांगताना अजूनही मला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण सांगतो.

आधी आमची ओळख, नव्या वाचकांसाठी. मी सॉफ्टवेअरवाला, नोकरी पुण्याची. महिन्यातले पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस बेळगावात. इथे टिळकवाडीत आई, बाबा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. बाबांनी सारी हयात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत घालवली. आता सत्तरी गाठलीय. गाडी २०१४ सालची, छोटी, पेट्रोलवरची. मी पुण्यात असलो की ती बाबाच चालवतात.

कट कट

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन ठरलं होतं. सकाळी सातला दवाखान्यात पोचायचं होतं. साडेसहाला आईचा फोन. "गाडी चालू होईना रे. किल्ली फिरवली की नुसतं कट कट करायलीय." बाहेर धो धो पाऊस. शेवटी शेजारच्या काकांनी रिक्षा बोलावली, दोघं भिजत दवाखान्यात गेले. ऑपरेशन नीट झालं. पण मी तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर बसून फोनवर नुसताच "हो, हो" करत होतो, ते मनाला लागलं.

मग मी तेच केलं जे लांब राहणारी मुलं करतात. पैसे पाठवले. दुपारपर्यंत दुकानदार घरी येऊन नवी बॅटरी बसवून गेला. जुनी परत देऊन ५,४०० रुपये. गाडी सुरू झाली. मीही निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी पुन्हा कट कट.

त्या वेळी मी घरीच होतो. हेडलाइट लावून पाहिले, लख्ख. हॉर्न खणखणीत. म्हटलं, बॅटरी तर ठीक आहे, म्हणजे स्टार्टर गेला. मी फोनवर स्टार्टरच्या किमती शोधत होतो तेवढ्यात बाबा बाहेर आले, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला हात लावला आणि मनगट फिरवलं. क्लॅम्प गोल फिरला.

"हे बघ," म्हणाले. "नवी बॅटरी, जुनी घाण."

क्लॅम्प काढला तर आतल्या बाजूने पांढरट-हिरवा थर. बॅटरी बदलणाऱ्याने फक्त बॅटरी बदलली होती. जुना क्लॅम्प जसा होता तसा नव्या खांबावर चढवून वरून नट आवळला होता.

आता यामागचं साधं गणित पाहू. ते एकदा कळलं की बॅटरीवाल्याने काहीही सांगितलं तरी तुम्ही घाबरणार नाही.

आपल्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतो. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चार्ज करत असतो, तेव्हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ असायला हवा.

छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरताना शे-दीडशे अँपिअर खेचतो. दोन्ही हेडलाइट मिळून खेचतात सुमारे दहा. आता समजा टर्मिनलवरच्या घाणीमुळे तिथे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला. हेडलाइटच्या दहा अँपिअरला तिथे वाया जातात ०.२ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. दिवे लख्ख दिसणार. पण स्टार्टर दीडशे अँपिअर मागायला लागला की त्याच जागी ३ व्होल्ट जातात. स्टार्टर फिरताना बॅटरी तशीही दहा-साडेदहापर्यंत खाली येते. त्यातून तीन गेले की उरलं काय? स्टार्टरचा सोलेनॉइड आत ओढला जातो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढला जातो. तीच ती कट कट.

म्हणजे 'दिवे लागतात, मग बॅटरीचा प्रश्न नाही' हे अर्धसत्य आहे. बॅटरीचा नसेल, जोडणीचा असू शकतो. आणि गंमत अशी की चार्जिंगचा करंटही त्याच जोडातून परत जातो. जोड खराब असेल तर बॅटरी नीट भरतच नाही, हळूहळू ती खरंच उतरते, आणि मग सगळा दोष तिच्यावरच येतो. आमची जुनी बॅटरी बहुधा अजून वर्षभर चालली असती. ती दुकानात परत गेलेली. विचारायची सोय नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर सोपी चाचणी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर धरा. घरातल्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड साफ करायला झाला. हीच चाचणी दुसऱ्या टर्मिनलवरही करा. निगेटिव्हची जाड वायर बॉडीला किंवा गिअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेली असते तीही जागा बघा. तिथला गंज लोक विसरतात.

साफ कसं करायचं

बाबांनी मला जसं करायला लावलं तसं लिहितो.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. इंजिन बंद, किल्ली बाहेर. जवळपास काडी, सिगारेट, उदबत्तीसुद्धा नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

आधी निगेटिव्ह सोडवायचं, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हा नियम पाठ करायचा नाही, समजून घ्यायचा. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट झाली. ठिणगी, तापलेला पाना, भाजलेला हात. निगेटिव्ह आधी काढलं तर पाना कुठेही टेकला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो.

पांढरा थर म्हणजे मुख्यतः लेड सल्फेट, निळा-हिरवा म्हणजे तांब्याचं सल्फेट. सगळं ॲसिडच्या वाफेमुळे. त्यावर खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, तो फसफसतो आणि ॲसिड मारतो. जुना टूथब्रश घ्या. बॅटरीवर पाणी भरायची झाकणं असतील तर ती घट्ट बंद हवीत, सोडा आत जाता कामा नये. मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. खांब बाहेरून आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने घासा, धातू चकचकीत दिसेपर्यंत. (आमच्याकडे आई आतून ओरडली, "भज्यांचा सोडा होता तो!" त्या दिवशी भजी झाली नाहीत.)

क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवा. नट आवळा, हाताने फिरता कामा नये, पण शिसं मऊ असतं म्हणून जोरही करू नका. सगळं झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर. व्हॅसलीन आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टी सैल असेल तर तीही आवळा. धक्क्यांनी बॅटरी लवकर मरते.

वेळ लागतो अर्धा तास. घड्याळ पुन्हा लावावं लागतं. काही गाड्यांत रेडिओचा कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. ज्यांच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. त्याला ओढाताण सोसत नाही, आणि बॅटरीही वेगळ्या जातीची लागते. त्यांनी गाडीसोबतचं पुस्तक आधी वाचावं.

आणि बॅटरी खरंच बदलायची वेळ आली, तर फक्त अँपिअर-तास पाहू नका. पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे आणि खांब बारीक की जाड, तेही जुळवा. बारीक खांबावर जाड क्लॅम्प म्हणजे पुन्हा तोच सैलपणा. बसवणाऱ्यासमोर उभं राहून क्लॅम्प साफ करून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, भंगारात नको. शिसं आणि ॲसिड असतं त्यात, आणि २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बाराशे रुपये

आता दुसरी हकिगत.

सप्टेंबरमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी आमचा गोवावेसचा मेस्त्री म्हणाला, पुढचे पॅड बदलायला झालेत. कंपनीचे १,९०० सांगितले. टर्मिनलच्या प्रकरणानंतर मला वाटायला लागलं होतं की गाडीच्या बाबतीत सगळे आपल्याला फसवतातच, आणि मी आता शहाणा झालोय. ऑनलाइन ७०० रुपयांना मिळाले. चार पूर्णांक तीन रेटिंग. खोका चकचकीत. बाबांनी पॅड हातात घेऊन उलटे-सुलटे केले आणि विचारलं, "यावर काहीच लिहिलं नाही की रे?" मी म्हणालो, "बाबा, खोक्यावर आहे सगळं." ते गप्प बसले. मेस्त्रीने दोनदा विचारलं, "हेच घालू?" मी म्हणालो, घाला.

गावात काही कळलं नाही. थोडा आवाज यायचा, बाकी ठीक.

भाऊबीजेला साखळीला जायचं होतं. तिथे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. दोन वर्षं बाबा गेले नव्हते, त्यात डोळ्याचं ऑपरेशन. आत्या रोज फोन करत होती. सकाळी निघालो : जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला. मागे आई, बायको, मधे मुलगी, पुढे बाबा कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन. गाडी मी चालवत होतो. घाट उतरताना मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येच होतो, वळणावर ब्रेक, पुन्हा सोड, पुन्हा ब्रेक. पुण्याच्या रस्त्यावर चालवतो तसं.

निम्मा घाट उतरल्यावर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल घट्ट होतं, पण गाडी थांबेना. पेडल खाली गेलं नव्हतं. पाय अगदी दगडावर टेकवल्यासारखा आणि गाडी आपली पुढेच. समोर सिमेंटचा ट्रक सावकाश वळत होता.

बाबा एकच शब्द बोलले, "सेकंड." मी क्लच दाबून दुसऱ्यात टाकला, इंजिन ओरडलं, वेग पडला. मग "फर्स्ट." बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढत गेलो. डोंगराच्या बाजूला कच्च्या पट्टीवर गाडी एकदाची उभी राहिली. ट्रक आणि आमच्यात किती अंतर होतं ते मी मोजलं नाही. मागे कुणीच काही बोललं नाही. मुलीने विचारलं, "आलो का आत्याआजीकडे?"

बाबा खाली उतरले, एक दगड शोधून पुढच्या चाकाखाली सारला. चाकातून धूर येत होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर त्यांनी हात धरला. "तापलेल्या लोखंडावर पाणी टाकतोस?" म्हणाले. "डिस्क तडकेल." तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तेच लोखंड ओतलं होतं.

पाऊण तास तिथे उभे होतो. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ चालत, केरीपर्यंत उतरलो आणि तिथून सपाटीने साखळी. आत्या दारात उभी होती. "किती उशीर रे," म्हणाली. बाबा म्हणाले, "घाटात गर्दी होती." एवढंच. मग पाटावर बसले, ओवाळून घेतलं. मी शेजारी उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि तेच बरं झालं.

काय झालं होतं

दुसऱ्या दिवशी साखळीच्या मेस्त्रीने चाक काढलं. एका पॅडची कड भुगा होऊन गळली होती. बाकीच्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. लोखंडी पाठीवर ना कंपनीचं नाव, ना बॅचचा नंबर.

आधी माझी चूक. गाडी आणि माणसं मिळून १,२०० किलो धरा, आणि घाटात ६०० मीटर उतार. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचं म्हणजे सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. विजेच्या भाषेत जवळपास २ युनिट. दोन किलोवॉटचा गिझर तासभर चालवावा एवढी उष्णता. त्यातली काही हवा आणि टायर घेतात. लहान गिअरमध्ये असाल तर बराच वाटा इंजिन घेतं. मोठ्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असाल तर जवळपास सगळी ब्रेकवर, तीही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. ज्या गिअरमध्ये चढावं त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यातूनच आलाय. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी आणखी एक : आजकालच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच.

पण चांगले पॅड असते तर एवढ्या चुकीला त्यांनी सांभाळून घेतलं असतं. पॅडमधला घर्षणाचा मसाला रेझिनने बांधलेला असतो. हलक्या दर्जाचं रेझिन तापलं की गॅस सोडतं, पकड जाते, पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही. याउलट पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं तर समजा ब्रेक ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच किमान आकडा १५५वर येतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, झाकणावर लिहिलेल्या जातीचंच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४मध्ये कधीच मिसळायचं नाही.

साखळीहून परत येताना घाट चढत होतो तेव्हा बाबा पहिल्यांदा त्या विषयावर बोलले. म्हणाले, फाउंड्रीत प्रत्येक ओताला नंबर असायचा. वर्षभराने गिऱ्हाइकाकडे तुकडा तुटला तरी तो कुठल्या दिवशीच्या ओतातला, त्या दिवशी भट्टीत काय होतं, हे सापडायचं. "ज्यानं केलंय त्याला स्वतःचं नाव घालायला नको वाटलं, ते आपण चाकात कशाला घालायचं?"

मी रोज हेच करतो हो! कुणी लिहिलंय ते माहीत नसलेला कोड आम्ही कामाच्या सर्व्हरवर चढवत नाही. आणि बायको-मुलगी-आईवडील बसलेल्या गाडीत मी तो चढवला होता.

पॅड घेताना

म्हणून आता हे पाळतो :

पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढायचा. 'या मॉडेलला बसतात' यावर जायचं नाही, त्याच मॉडेलमध्ये वर्षागणिक फरक असतो.

कंपनीच्या खोक्यातलेच घ्यायला हवेत असं नाही. गाडी कंपन्यांना जे उत्पादक ब्रेकचा माल पुरवतात, जसे ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, त्यांचे पॅड त्यांच्या नावाने बाजारात मिळतात, अनेकदा स्वस्तही. पण अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटी बिलासह. नावाजलेल्या खोक्याच्या नकलाही असतात, म्हणून किंमत फारच कमी असेल तर हात मागे घ्या.

पॅडच्या लोखंडी पाठीवर किंवा कडेला उत्पादकाचं नाव, बॅच नंबर बघा. बऱ्याच पॅडवर रोमन लिपीतली दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ 'एफएफ'. पहिलं अक्षर कमी तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते. गोलातलं 'ई' आणि '९० आर' असा शिक्का असेल तर ते संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाखाली तपासलेले, म्हणजे त्यांची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असल्याचं तपासलेलं असतं.

एकाच बाजूचे बदलायचे नाहीत. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. नाहीतर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते.

मसाला साधारण ३ मिलिमीटर उरला की बदला. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. नवे पॅड घालताना ती मोजून घ्या. मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यावर कमाल व्यास कोरलेला असतो. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली जाते ती बहुतेक वेळा पॅड झिजल्यामुळे. नुसतं ऑइल भरून विसरू नका, आधी पॅड आणि गळती पाहा.

बसवताना कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा बोटही लागता कामा नये. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ती छातीत जाते. जुन्या काळच्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉस असायचं.

गॅरेजमधून निघण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करा. पहिल्यांदा दाबलं तर ते सरळ खाली जातं. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून वीसपर्यंत, सावकाश, मधे थंड होऊ देत आठ-दहा वेळा ब्रेक लावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट नको.

ब्रेकचं काम मात्र मी स्वतः करत नाही. टर्मिनल साफ करणं घरचं काम आहे. ब्रेक उघडणं मेस्त्रीचं. मी फक्त शेजारी उभा राहतो आणि पॅड हातात घेऊन वाचतो.

मी सध्या पुण्यात आहे. परवा रविवारी बाबांनी फोटो पाठवला : उघडं बॉनेट, व्हॅसलीन लावलेले दोन्ही टर्मिनल आणि बाजूला हातात टॉर्च धरून उभी असलेली माझी मुलगी. खाली लिहिलं होतं, "१२.६. सोडा वेगळा आणलाय."

पुढच्या महिन्यात पावसाळ्याआधी वायपर आणि काचेबद्दल. तुमच्या गाडीची काही कटकट असेल तर जरूर कळवा. आणि या रविवारी फक्त एक करा : बॉनेट उघडा आणि क्लॅम्प हाताने फिरतो का ते बघा.